मौनाचा करार

कोसल देशातल्या एका आवासात ओळखीपाळखीचे काही भिक्षू वर्षावासाला एकत्र राहिले. पावसाचे तीन महिने एकाच ठिकाणी काढायचे, भांडणं नकोत, सगळं सुखानं पार पडावं, म्हणून त्यांनी आपसात ठरवून टाकलं की कोणी कोणाशी बोलायचंच नाही. भिक्षेहून जो आधी परतेल त्यानं आसनं मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचं. जो शेवटी येईल त्यानं उरलंसुरलं आवरायचं, जेवणाची जागा झाडायची. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल त्यानं तो भरायचा; एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलवायचं, पण तोंड उघडायचं नाही. तीन महिने तसेच गेले. एकही तंटा झाला नाही. मग ते श्रावस्तीला जेतवनात भगवान बुद्धांना भेटायला गेले आणि आम्ही एकोप्यानं, सुखानं राहिलो, असं त्यांनी समाधानानं सांगितलं. कसे राहिलात, असं भगवंतांनी विचारलं. त्यांनी सगळा बेत सांगितला. त्यावर शाबासकी मिळाली नाही. जनावरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहिलात आणि वर सुखानं राहिलो म्हणता, अशा शब्दांत त्यांची हजेरी घेतली गेली.

भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक; त्यातल्या महावग्गात ही हकीकत आहे. धर्मानंद कोसंबींची पुस्तकं वाचता वाचता मी विनयाकडे वळले आणि इथे येऊन थबकले. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घालून आला आणि जे मिळालं ते त्यांनी आपल्या भाषेत लिहून ठेवलं. त्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, पाली भाषेची पंडित नाही. पण त्या भिक्षूंचा तो बेत वाचला आणि मला तो ओळखीचा वाटला. मी नोकरीभर तो पाहत आले आहे.

असा वॉर्ड कोणत्याही हॉस्पिटलात सापडेल. हँडओव्हर बुक चोख भरलेलं. इमर्जन्सी ट्रॉली भरलेली, वर सही. ऑक्सिजनचं सिलिंडर संपत आलं की ज्याच्या लक्षात येईल तो वॉर्डबॉय मामांना खूण करतो, सिलिंडर बदललं जातं. तपासणीला आलेल्यांना हा वॉर्ड आदर्श वाटतो. पण मॉर्निंगची सिस्टर नाइटच्या सिस्टरशी कामापुरतंसुद्धा बोलत नाही, ब्रदर मावश्यांशी बोलत नाही आणि डॉक्टरांना काही विचारण्याची कोणाची छाती होत नाही. भांडण नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असा सगळ्यांचा समज.

या समजाची किंमत कोण देतं ते सांगते. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये आकड्यापुढे इंग्रजी ‘यू’ लिहायची जुनी सवय आहे. घाईत लिहिलेला, वरून जरा जुळलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि चार युनिटचे चाळीस होतात. ही चूक जगभर माहीत आहे, म्हणूनच पूर्ण शब्द लिहा असं शिकवतात. रात्री तीन वाजता नाइटची स्टाफ नर्स तो कागद टॉर्चच्या उजेडात धरून उभी असते. चाळीस जास्त वाटतात. रेसिडेंट डॉक्टरांना फोन करावा, तर मागच्या वेळी भर वॉर्डात ‘तुला वाचता येत नाही का’ असं ऐकून घ्यावं लागलेलं. शेजारच्या वॉर्डातल्या सीनिअरला विचारावं, तर तिच्याशी बोलणं नाही. अशा वेळी तिनं काय करायचं? त्या क्षणी तिचं ज्ञान पुरेसं असतं. तोंड उघडण्याची मुभा तिला कोणी दिलेली नसते. आणि कॉटवर जो झोपलेला असतो त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात दोन हॉस्पिटलांतल्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. जिथे टीम चांगली तिथे चुका कमी, असं निघेल अशी त्यांची अटकळ होती. निघालं उलटं. जिथे माणसांचं एकमेकांशी चांगलं होतं, इन्चार्जला लोक घाबरत नव्हते, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथे चुका बोलल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. १९९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मला हा निष्कर्ष आणि महावग्गातली हजेरी एकाच गोष्टीकडे बोट दाखवताना दिसतात.

पण विनयाच्या वाचकाला इथे एक अडचण येते. कोसलातल्या भिक्षूंची जी दिनचर्या निंदेला पात्र ठरली, अगदी तीच दिनचर्या दुसऱ्या ठिकाणी वाखाणलेली आहे. कोसंबी नगरीत भिक्षूंमध्ये मोठी फूट पडली होती. शौचालयातल्या भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं, इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडण सुरू झालं असं अट्ठकथा, म्हणजे विनयावरची जुनी टीका, सांगते. (ज्यानं वॉर्डाचं टॉयलेट आणि त्यावरून होणारी भांडणं पाहिली आहेत, त्याला हे कारण क्षुल्लक वाटणार नाही.) भगवंतांनी समेट घडवायचा प्रयत्न केला, तर भिक्षूंनी त्यांनाच सांगितलं की आपण यात पडू नका, आमचं आम्ही पाहून घेऊ. ते एकटेच तिथून निघाले आणि वाटेत अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे राहत होते त्या वनात गेले. तुम्ही एकोप्यानं राहता ना, असं त्यांनी विचारलं. दुधात पाणी मिसळावं तसे राहतो, असं अनुरुद्धांनी सांगितलं. कसे, तर जो आधी येतो तो आसनं मांडतो, जो शेवटी येतो तो आवरतो, घडा रिकामा दिसला तर भरतो, जड असला तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलावतो, आणि त्यासाठी बोलत नाही. तोच घडा, तीच खूण, तेच मौन. इथे मात्र भगवंत प्रसन्न झाले.

फरक कशात आहे, यावर मी खूप विचार केला. अनुरुद्धांच्या उत्तरात आणखी दोन गोष्टी आहेत. एक अशी, की ते सोबत्यांबद्दल समोर आणि पाठीमागे सारखाच मैत्रीभाव ठेवत, वागण्यात, बोलण्यात आणि मनात. आपली इच्छा बाजूला ठेवून त्यांच्या इच्छेनं चालत. आणि दुसरी, की दर पाचव्या रात्री तिघं रात्रभर धम्मचर्चेला बसत. म्हणजे त्यांचं मौन बोलण्याच्या भरवशावर उभं होतं. बोलायचं कुठे आणि कधी हे त्यांना माहीत होतं, म्हणून मधले दिवस शांत जात. कोसलातल्या मंडळींचं मौन भीतीवर उभं होतं. बाहेरून दोन्ही आवास सारखेच दिसले असते. तपासणीला कोणी आलं असतं तर दोन्हींना सारखेच गुण मिळाले असते.

कोसलातल्या भिक्षूंना नुसतं रागावून भगवंत थांबले नाहीत. मूकव्रत घ्यायचं नाही असा नियम घालून दिला, आणि वर्षावासाच्या अखेरीस पवारणा करायला सांगितली. आमच्या वस्तीतल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. माझे वडील गिरणीतून आले की हातपाय धुऊन तिकडे जात. शेवटच्या पौर्णिमेला खीर असते, मुलांची गर्दी असते. त्या दिवशी भिक्षुसंघात ही पवारणा कशी चालते हे लहानपणी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते असं. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू जमतात. सर्वांत थोर भिक्षू उत्तरासंग, म्हणजे वरचं चीवर, एका खांद्यावर घेऊन, उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनंती करतो, की माझ्याकडून काही वावगं घडल्याचं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणा करून मला सांगा. मला दिसलं तर मी सुधारेन. असं तीनदा. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा, सगळ्यांत नवा भिक्षू शेवटी.

एकदा काही आडमुठे भिक्षू, थोर मंडळी उकिडवी बसलेली असताना, स्वतः आसनावर आरामात बसून राहिले. म्हणून सगळ्यांनीच उकिडवं बसायचं ठरलं. मग एक वृद्ध भिक्षू सगळ्यांचं संपेपर्यंत तसा बसून राहिला आणि कोसळला. म्हणून पुन्हा बदल झाला, की आपली पाळी होईपर्यंतच उकिडवं बसावं. हे वाचताना माझा विनयावरचा विश्वास वाढला. पद्धत बिघडते, कोणी ती वापरून घेतं, कोणाच्या गुडघ्यांना ती सोसत नाही, हे सगळं तिथे मान्य आहे, आणि प्रत्येक वेळी नियम माणसाकडे बघून दुरुस्त केला आहे.

संयुक्तनिकायात याहून मोठा प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेनं बांधलेल्या प्रासादात, सुमारे पाचशे भिक्षू पवारणेला बसले होते. त्या दिवशी सगळ्यांत आधी स्वतः भगवंतांनी विचारलं, की माझ्या कायेनं किंवा वाचेनं घडलेलं काही तुम्हाला गैर वाटतं का. पट्टशिष्य सारिपुत्तांनी उत्तर दिलं आणि मग स्वतःबद्दल तेच विचारलं. ज्यांच्यात दोष शोधायला कोणी धजणार नाही, त्यांनी पहिल्यांदा विचारलं. माझ्या मते या सगळ्या विधीचा प्राण इथे आहे.

आता आमच्याकडच्या विधीबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रशासनानं टीमवर्क सुधारावं, स्टाफचं मनोधैर्य वाढावं म्हणून कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर कार्यशाळा ठेवली. ट्रेनर मंडळी मनापासून काम करणारी होती. डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, हातात हात गुंतवून गाठ सोडवणं, वर्तमानपत्राचे मनोरे. अशा गोष्टींना पोरखेळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आमच्या सीनिअर सिस्टरचा हात एका मावशींच्या हातात दिला होता. मावशी वर्ग चारच्या कर्मचारी. वॉर्डात ही सिस्टर त्यांना नावानंसुद्धा हाक मारत नसे. मावशी सांगत होत्या, ‘सिस्टर, इथं पायरी आहे. उजवा पाय टाका. थांबा, आता डावा. मी धरलंय.’ पुढे एका ठिकाणी गवत ओलं होतं, तिथे मावशींनी स्वतःची चप्पल काढली, पाऊल रोवून उभ्या राहिल्या आणि मग तिला पुढे घेतलं. सिस्टरनं दुसऱ्या हातानं मावशींचा दंड घट्ट धरला होता. हे कुठल्याही भाषणानं झालं नसतं. कोणावर तरी विसंबून चालणं शरीराला कळलं की मनाला ते नाकारणं अवघड जातं. म्हणूनच सगळ्या धर्मांनी उपदेशाबरोबर एकत्र चालणं, एकत्र जेवणं, एकत्र बसणं ठेवलं आहे. परतल्यावर ती सिस्टर मावशींना नावानं हाक मारू लागली, अजून मारते.

बिघडलं ते दुपारच्या वर्तुळात. खुर्च्या गोल मांडल्या, आणि मनात असेल ते मोकळेपणानं बोला, इथलं इथेच राहील, असं सांगितलं गेलं. वर्तुळाबाहेर, भिंतीशी, वरिष्ठ बसले होते. ते ‘फक्त ऐकायला’ आले होते. एका तरुण स्टाफ नर्सनं धीर करून सांगितलं की दिवाळीच्या नाइट ड्युट्या दर वर्षी त्याच मुलींना येतात. तिचं म्हणणं खरं होतं. पुढच्या महिन्यात तिची दुसऱ्या विभागात बदली झाली. कारण प्रशासकीय दिलं. नंतरच्या वर्षी पुन्हा कार्यशाळा झाली, पुन्हा वर्तुळ मांडलं, आणि पाळीपाळीनं सगळ्यांनी कँटीनच्या चहाबद्दल तक्रार केली. कोसलातल्या भिक्षूंचा करार आमच्याकडे त्या दिवशी पक्का झाला. मला त्या मुलीचं अजून वाईट वाटतं.

ज्यांच्यापासून या पद्धती निघाल्या त्यांच्या मनात असं नव्हतं. कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन इथे त्यांनी वांशिक आणि धार्मिक भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी एक शिबिर घेतलं. दिवसा गटांत चर्चा व्हायची, संध्याकाळी संशोधक आपसात बसून गटात कोण कसं वागलं याची टिपणं ताडून पाहायचे. शिबिरार्थींपैकी काहींनी त्या बैठकीला बसू द्या म्हणून विचारलं. लेविननी होकार दिला. एका बाईंनी आपल्याबद्दलचं निरीक्षण ऐकलं आणि मध्येच सांगितलं की नाही, असं झालं नाही. मग जी चर्चा झाली ती इतकी जिवंत होती की पुढच्या संध्याकाळी आणखी लोक आले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लेविन वारले आणि त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल इथे त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या प्रशिक्षण-गटांची सुरुवात केली, त्यातूनच आजच्या कितीतरी कार्यशाळा निघाल्या. उगम लक्षात घ्या: ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं ती माणसं स्वतःच्या इच्छेनं त्या टेबलाशी येऊन बसली, आणि ज्यांच्याकडे टिपणं होती त्यांनी ती त्यांच्यासमोर उघडी केली. आमच्या वर्तुळात मात्र टिपणं भिंतीशी बसलेल्यांच्या वहीतच राहिली.

म्हणून मला जो प्रश्न धर्माचा वाटतो तो असा आहे: मोकळेपणा कोणाकडे मागता येतो का? तुझ्या मनात काय आहे ते सांग, असं पगार देणारा म्हणतो तेव्हा तो हुकूमच असतो, शब्द कितीही मऊ असोत. मनातलं सांगणं ही माणसाची शेवटची मालमत्ता आहे. ती मागण्याचा हक्क ड्युटीच्या तासांबरोबर विकत घेता येत नाही. पवारणा ही मागणी उलटी करते. तिथे थोर माणूस आपल्याबद्दल विचारतो, माझ्यात तुम्हाला काय दिसलं ते मला सांगा. खालचा माणूस बोलला तरी त्यानं स्वतःला उघडं केलेलं नसतं. आणि वरचा माणूस उकिडवा बसलेला असतो. भीती काढून टाक असं सांगून भीती जात नाही. ज्याची भीती वाटते त्यानं आधी खाली बसावं लागतं.

यावर लोक मला म्हणतात की संघ आणि ऑफिस एक नाहीत. भिक्षूला पगार नाही, गोपनीय अहवाल नाही, घरी हप्ते नाहीत. हे मला मान्य आहे आणि म्हणूनच ऑफिसात जास्त जपायला हवं. संघात निर्वाण हे सगळ्यांचं स्वतःचं ध्येय होतं. कंपनीचा नफा हे झाडूवाल्याचं ध्येय आहे असं मानणं खोटं आहे. उत्पादन वाढावं म्हणून जुळवलेली मैत्री उत्पादन घटलं की काढून घेतली जाते, हे कामगारांनी पाहिलेलं असतं. हॉस्पिटलात आम्ही एका बाबतीत भाग्यवान आहोत. प्रशासन आणि स्टाफ यांच्यामध्ये कॉटवर एक तिसरा माणूस असतो, आणि त्याचं बरं व्हावं हे दोघांनाही आतून वाटू शकतं. त्याच्यासाठी एकमेकांना सांगणं हे कोणाच्या फायद्याचं साधन होणं नव्हे. जिथे असा तिसरा माणूस नाही, नुसतेच आकडे आहेत, तिथे एकोप्याच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी फार विचार करून पाऊल टाकावं असं मला वाटतं.

आमच्या वॉर्डात मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. महिन्याचा ड्युटी रोस्टर लावायच्या आधी पॅन्ट्रीत सगळे जमतो, मावश्या आणि मामासुद्धा. गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही, म्हणून लिनन कपाटाशेजारच्या बुटक्या स्टुलावर मी बसते, बाकीचे खुर्च्यांवर. रजिस्टर आणत नाही, मोबाइल बाहेर ठेवतो. मी विचारते की या महिन्यात माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं, किंवा तशी शंका आली का. सुरुवातीला कोणी बोललं नाही. मी घाई केली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. मग एक मामा म्हणाले, ‘सिस्टर, रजेचा अर्ज तुम्ही मुलींच्या हातातून घेता, आमचा मात्र टेबलावर ठेवायला सांगता.’ मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत. त्यापुढे एक अक्षर बोलले नाही, कारण खुलासा करायला लागलं की समोरचा पुढच्या वेळी गप्प बसतो. विनयात सांगणाऱ्यालाही पाच गोष्टी पाळायला सांगितल्या आहेत: योग्य वेळी, खरं, मृदूपणे, हिताचं आणि मैत्रीनं. त्या मी कागदावर लिहून भिंतीवर लावल्या नाहीत. भिंतीवर आधीच खूप काही लावलेलं आहे.

काही महिन्यांनी आमचे एक रेसिडेंट डॉक्टर दारात उभे राहिले. मीही विचारू का, म्हणाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नाइटच्या स्टाफ नर्सनं त्यांना ‘यू’बद्दल सांगितलं, आणि फोनवरच्या आवाजाबद्दलही सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांच्या ऑर्डरमध्ये आता ‘युनिट’ हा शब्द पूर्ण असतो. आवाजाला वेळ लागेल, असं तीच मुलगी मला म्हणाली, पण आता रात्री फोन करायला तिला भीती वाटत नाही.

प्रशासनाला मी लेखी विनंती केली आहे, की पुढची कार्यशाळा ठेवाल तेव्हा भिंतीशी बसणाऱ्यांनी वर्तुळात यावं, सगळ्यांत वरच्या अधिकाऱ्यांनी स्वतःबद्दल आधी विचारावं, आणि त्या दिवशी जे ऐकलं त्यावरून वर्षभर कोणाची बदली करू नये. उत्तर आलेलं नाही. आश्विन पौर्णिमेच्या आठवड्यात पुन्हा अर्ज देणार आहे. या वेळी त्यावर वॉर्डातल्या लोकांच्या सह्या असतील, मावश्यांच्या आणि मामांच्याही. सही करायची की नाही हे प्रत्येकानं आपलं ठरवावं असं मी सांगितलं आहे, आणि ज्या दोघींनी अजून केली नाही त्यांना मी विचारणार नाही.